उत्तरेकडचा हिवाळा आणि मन: न्यूकॅसलमधल्या उपचारांचा आणि तयारीचा अनुभव

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हिवाळ्याची भीती वाटत नाही. आपल्याकडे हा ऋतू हुरड्याचा, बाजरीच्या भाकरीचा, तिळगुळाचा. भूक वाढते, पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि अंगाची काहिली होणारे त्रासाचे महिने म्हटले की एप्रिल-मे आठवतात. त्यामुळे २०२२ च्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी नाशिकहून इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल या शहरात राहायला आले, तेव्हा जाड कोट आणि लोकरी मोजे यांची तजवीज मी केली होती. परंतु हिवाळ्याने मन आजारी पडू शकते, ही गोष्ट माझ्या किंवा घरातल्या कोणाच्याही ध्यानीमनी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात आलेली मरगळ सर्वांनी नव्या जागेच्या आणि घरच्या आठवणींच्या खात्यावर टाकली. दुसऱ्या हिवाळ्यात ती परत आली आणि मला उपचार घ्यावे लागले. तिसरा हिवाळा आधीपासून तयारी केल्यामुळे निभावला, आणि २०२५ च्या मे महिन्यात औषधही बंद झाले. मी डॉक्टर नाही. परंतु उत्तरेकडच्या देशांत नव्याने आलेल्या मराठी माणसांना या वाटेवर कोणता कागद कधी लागतो, किती थांबावे लागते आणि त्या काळात काय वाटते, हे आधी ठाऊक असावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

न्यूकॅसल साधारण ५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास येथे सूर्य सकाळी साडेआठला उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूच्या इमारती दुसऱ्या बाजूला दिवसभर सावलीत ठेवतात. त्याच दिवशी नाशिकमध्ये दिवस जवळजवळ ११ तासांचा असतो आणि मध्यान्हीचा सूर्य ४६ अंशांपर्यंत चढतो. पुढे घरी समजावून सांगताना मी हेच आकडे वापरले, कारण येथे खरा प्रश्न थंडीचा नाही, उजेडाचा आहे. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खबर देतो. ती खबर उशिरा आणि क्षीण मिळाली की झोप, भूक आणि मनःस्थिती यांचे वेळापत्रक विस्कटते. हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या या नैराश्याचे वर्णन अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले आणि त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव दिले.

येथे दरवर्षी हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे आणि वसंतात पुन्हा पुढे करतात; २९ ऑक्टोबर २०२३ रोजी ती एक तास मागे गेली आणि कामावरून घरी यायची वेळ एकाएकी अंधारात गेली. १२ नोव्हेंबरच्या दिवाळीपर्यंत मी तग धरला, फराळ केला, पणत्या लावल्या. त्यानंतर मात्र उतार सुरू झाला. नैराश्य म्हणजे झोप उडणे आणि अन्नावरची वासना जाणे, अशी आपली साधारण समजूत असते. माझे नेमके उलट होते. नऊ-दहा तास झोपूनही सकाळी अंग जड असे, रविवारी दुपारपर्यंत अंथरूण सुटत नसे, आणि दिवसभर गोड किंवा पिठूळ काहीतरी खावेसे वाटत राही. नंतर समजले की हिवाळी नैराश्यात हेच लक्षण पुष्कळदा आढळते, आणि म्हणूनच ते आळस म्हणून दुर्लक्षिले जाते. डिसेंबरात कामावरची साधी पत्रे लिहायला मला अर्धा दिवस लागू लागला, मैत्रिणींचे फोन उचलणे मी टाळू लागले, आणि ज्या गाण्यांवाचून माझा स्वयंपाक होत नसे ती लावावीशीही वाटेनात. आईला फोनवर थोडेसे सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘अगं, थंडीत तर माणसाचं अंग धरतं. तुझं असं कसं गं होतंय?’’ तिच्या प्रश्नात काळजीच होती, पण माझ्याकडे उत्तर नव्हते.

नाताळच्या सुट्टीत नवऱ्याने एका संध्याकाळी शांतपणे सांगितले की मागच्या वर्षीही डिसेंबर-जानेवारीत मी अशीच झाले होते आणि एप्रिलमध्ये माझी मी परत आले होते. सलग दोन वर्षे त्याच ऋतूत तोच त्रास होणे ही वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची माहिती असते, आणि ती बहुधा घरातल्या दुसऱ्या माणसाच्याच नजरेत भरते. एकट्या राहणाऱ्यांनी मनःस्थिती, झोप आणि खाणे यांची रोज एक ओळ तरी डायरीत लिहून ठेवावी, असे मी आवर्जून सुचवीन.

८ जानेवारी २०२४ रोजी, सोमवारी सकाळी आठ वाजता, मी जीपीच्या दवाखान्यात फोन लावला. येथे तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही. ज्या दवाखान्यात नाव नोंदवलेले असते तेथील जीपी, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारखे डॉक्टर, प्रथम पाहतात. फोनच्या रांगेत बराच वेळ गेल्यावर रिसेप्शनिस्टने कारण विचारले. अनोळखी बाईला हे कसे सांगायचे, या विचाराने माझा घसा दाटून आला. अशा वेळी ‘मनःस्थिती खालावली आहे, कामावर परिणाम होत आहे, डॉक्टरांशी बोलायचे आहे’ एवढी तीन वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवावीत, तेवढी पुरतात. मला २४ जानेवारीची फोनवरची अपॉइंटमेंट मिळाली, आणि दरम्यान त्रास वाढला तर त्याच दिवशी पुन्हा फोन करा, असेही त्यांनी सांगितले. त्या मधल्या दिवसांत संक्रांत आली. तिळगूळ करायला मी उठले नाही, याचे वाईटही वाटेना, आणि या न वाटण्याचीच मला धास्ती वाटली.

२४ तारखेच्या फोनआधी मी लक्षणे, ती सुरू झाल्याचा महिना, मागच्या वर्षीचा अनुभव आणि घरातले आजार हे सारे एका पानावर लिहून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला, कारण वेळ दहाएक मिनिटांचाच असतो. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिला पीएचक्यू-९ म्हणतात; गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, यावर शून्य ते तीन गुण मिळतात आणि बेरीज २७ पर्यंत जाऊ शकते. माझी बेरीज १७ आली, म्हणजे मध्यमाहून अधिक तीव्र. नववा प्रश्न जगणे नकोसे होण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तेथे पुष्कळजण घाबरून शून्य सांगतात. खरे उत्तर दिले म्हणून लगेच कोणी उचलून रुग्णालयात नेत नाही. आणखी प्रश्न विचारतात, घरी कोण आहे ते पाहतात, आणि संकटाच्या वेळी कोणाला फोन करायचा हे ठरवून देतात. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो, आणि इंग्लंडमध्ये १११ लावून दोनचा पर्याय निवडला की मानसिक आरोग्याच्या मदतीपर्यंत पोहोचता येते. भारतात १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. ही लक्षणे ज्या कोणाला आहेत त्याने हा परिच्छेद तरी जपून ठेवावा.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी बारकाईने विचारल्या. एक, मला किंवा घरातल्या कोणाला कधी विनाकारण अतिउत्साहाचे, झोपेची गरजच न उरण्याचे दिवस आले होते का. कारण तसे असेल तर नैराश्याची औषधे आणि प्रखर प्रकाशाचा उपचार दोन्ही सांभाळून द्यावे लागतात. दुसरे, डोळ्यांचा काही आजार आहे का. मग रक्ततपासणी सांगितली. ३० जानेवारीला रक्त दिले आणि थोड्याच दिवसांत निकाल एनएचएसच्या, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवर दिसले. थायरॉइड ठीक होते, बी-१२ काठावर होते, ड जीवनसत्त्व स्पष्टपणे कमी होते. शाकाहारी भारतीयांमध्ये हे वारंवार आढळते, असे नर्सबाई म्हणाल्या. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमधल्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, म्हणून तेथील सरकारी सल्ला सर्वांनीच या काळात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा असा आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. मात्र त्या गोळ्यांनी नैराश्य बरे होते असा समज करून घेऊ नका, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कमतरता भरून काढणे एवढेच त्यांचे काम.

नैराश्यावरचे औषध म्हणून सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमची गोळी सुचवली गेली. मी एक दिवस विचाराला मागून घेतला. ‘मनाची गोळी’ एकदा सुरू झाली की सुटत नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते, आणि मीही तो प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारला. या औषधाची तलफ लागत नाही, पण ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करावे लागते, हे उत्तर ऐकल्यावर मी हो म्हटले. पहिला आठवडाभर मळमळ आणि डोकेदुखी झाली. न्याहरीनंतर गोळी घेतल्यावर ती कमी झाली. दोन आठवड्यांनी डॉक्टरांचा विचारपूस करणारा फोन आला. फरक जाणवायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला, आणि तोही असा की एके दिवशी मी आपणहून भाजी निवडायला घेतली आणि नवरा माझ्याकडे पाहत राहिला.

खर्चाचे सांगायचे तर जीपीची भेट, रक्ततपासणी आणि पुढचे समुपदेशन यांसाठी मला वेगळे पैसे पडले नाहीत, कारण व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार भरलेला असतो; ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवरील प्रत्येक औषधाला तेव्हा ९.६५ पौंड पडत, मे २०२४ पासून ९.९० झाले. पहिल्या महिन्यात सर्ट्रालीन आणि ड जीवनसत्त्वाचा जास्त मात्रेचा कोर्स अशी दोन औषधे होती. तीन महिन्यांत चार किंवा अधिक औषधे लागणार असतील तर आगाऊ पैसे भरून मिळणारे प्रमाणपत्र स्वस्त पडते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांना हा खर्चच नाही.

नोकरीच्या ठिकाणी सांगणे मला आजारपणाहून अवघड गेले. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला स्वतःचे निवेदन चालते. त्यापुढे फिट नोट, म्हणजे कामाबाबतचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागते. या कागदावर ‘कामास योग्य नाही’ याखेरीज ‘पुढील बदल केल्यास काम करू शकेल’ असाही पर्याय असतो, आणि त्याखाली टप्प्याटप्प्याने परतणे, वेळेत बदल, कामात बदल आणि जागेत बदल असे चार चौकोन असतात. मी डॉक्टरांना दुसरा पर्याय मागितला आणि वेळेत बदल या चौकोनावर खूण करून घेतली, कारण दिवसभर घरात बसणे मला आणखी बुडवत होते. कामाची सुरुवात तासभर उशिरा झाली, आणि तो तास उजेडात चालत येण्यासाठी मिळाला. आपल्या संमतीखेरीज नोकरी देणाऱ्याला वैद्यकीय नोंदी पाहता येत नाहीत; फिट नोटवर मात्र कारण लिहिलेले असते, त्यामुळे ते कोणत्या शब्दांत लिहावे, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

प्रकाशपेटीबद्दल, म्हणजे सकाळी जवळ ठेवून बसायच्या प्रखर दिव्याबद्दल, सर्वांत जास्त विचारणा होते, म्हणून थोडे थांबून लिहिते. ही पेटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहसा मिळत नाही, स्वतः विकत घ्यावी लागते. मला सुमारे ९० पौंड पडले. तिच्या उपयोगाविषयीचा पुरावा निश्चित नाही, हे इंग्लंडच्या अधिकृत उपचार-मार्गदर्शनात म्हटले आहे आणि डॉक्टरांनीही मला तसे सांगितले. तरीही करून पाहण्यास हरकत घेतली नाही. घेताना १०,००० लक्स (लक्स हे उजेडाच्या प्रखरतेचे एकक) हा आकडा किती अंतरावरचा आहे, हे अवश्य पाहावे. काही पेट्या तो उजेड वीतभर अंतरावरच देतात, आणि तितक्या जवळ अर्धा तास कोणी बसू शकत नाही. अतिनील किरण गाळले जातात का, हेही वेष्टनावर पाहावे. पेटी सकाळी उठल्यावर लवकरात लवकर, साधारण अर्धा तास, थोडी बाजूला ठेवून लावायची. तिच्याकडे टक लावून पाहायचे नसते, उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचला की झाले. संध्याकाळी लावली तर झोप उडते. मी न्याहरीच्या टेबलावर ती ठेवली आणि तो अर्धा तास आईच्या फोनला दिला. येथे सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात नाशिकचे साडेबारा. तिचा स्वयंपाक आटोपलेला असतो. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्सच उजेड असतो आणि ढगाळ दुपारीही बाहेर त्याच्या कैकपट असतो, हे तिला त्याच फोनवर सांगितले, तेव्हापासून ती ‘‘आज बाहेर जाऊन आलीस का?’’ असे रोज विचारू लागली. औषध घेतलेस का, हे तिने कधी विचारले नाही. तेवढा संकोच आमच्यात राहिला आहे, आणि तो मला समजतो.

२४ जानेवारीच्याच संध्याकाळी मी एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज या समुपदेशनाच्या सेवेसाठी संगणकावरून स्वतःच अर्ज केला. इंग्लंडमध्ये १८ वर्षांवरील आणि जीपीकडे नोंद असलेल्या कोणालाही यासाठी डॉक्टरांची शिफारस लागत नाही, आणि इंग्रजीत बोलणे जड जाणाऱ्यांना दुभाषा मागता येतो. २० फेब्रुवारीला फोनवर प्राथमिक मुलाखत झाली. तोवर प्रश्नावलीतली माझी बेरीज १३ वर उतरली होती, म्हणून मार्गदर्शकाच्या मदतीने स्वतः करायचा कार्यक्रम मला देण्यात आला. त्याची पहिली बैठक १९ मार्चला झाली. दर बैठकीआधी तीच प्रश्नावली पुन्हा भरावी लागते, त्याचा कंटाळा करू नये, कारण उतरणारा आकडा पाहून धीर येतो. कार्यक्रमाचा गाभा असा होता की मन तयार होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची आणि नंतर कसे वाटले ते लिहायचे. रोजच्या गरजेची कामे, आवडीची कामे आणि टाळलेली महत्त्वाची कामे अशा तीन याद्या करून प्रत्येकीतली सर्वांत सोपी गोष्ट आधी आठवड्यात बसवायची. माझ्या यादीत पहिली गोष्ट होती दुपारच्या सुट्टीत इमारतीला एक फेरी मारणे. ती क्षुल्लक वाटेल, पण त्या दिवसांत तीच मोठी होती.

मात्र या बैठका सुरू झाल्या तेव्हा दिवस-रात्र समान होण्याची वेळ आली होती आणि ३१ मार्चला घड्याळे पुढे गेली. डिसेंबरात लागणाऱ्या मदतीसाठी जानेवारीत दार ठोठावले तर ती मार्चमध्ये हाती येते. यात कोणाची चूक नाही, रांगेचा हिशेबच तसा आहे. म्हणून मार्गदर्शक बाईंनी शेवटच्या बैठकीत माझ्याकडून पुढच्या हिवाळ्याची योजना लिहून घेतली, आणि फोनमध्ये १ सप्टेंबरची आठवण लावायला लावली. माझ्या मते या सर्व उपचारांतला सर्वांत मोलाचा कागद तोच.

२०२४ च्या सप्टेंबरात मी जीपीकडे फेरतपासणीची वेळ घेतली. हिवाळा तोंडावर असताना गोळी थांबवू नये, वसंतापर्यंत चालू ठेवावी, असे ठरले. कामाच्या ठिकाणी व्यवस्थापकांशी बोलून माझे टेबल दक्षिणेकडच्या खिडकीपाशी हलवून घेतले आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारची सुट्टी बारा वाजता घेण्याची परवानगी लेखी मिळवली. या वेळी फिट नोट लागली नाही. सप्टेंबरातला शांत माणूस जे मागू शकतो ते जानेवारीतल्या थकलेल्या माणसाला मागता येत नाही. २७ ऑक्टोबरला घड्याळे मागे गेली, त्याच्या आधीच्या आठवड्यापासून प्रकाशपेटी सुरू केली. दुपारी टाउन मूर या शहरालगतच्या माळरानाच्या कडेने चालायचे, शनिवारी मेट्रोने टाइनमथला समुद्रावर जायचे, कारण तेथे आकाश मोकळे असते आणि कमी उंचीवरचा सूर्यही इमारतींआड जात नाही. पाऊस असला तरी जायचे, असा नियम होता, आणि त्यासाठी चांगला वाऱ्यापावसाचा कोट आणि पकड असलेले बूट यांवर केलेला खर्च मला पेटीइतकाच कामी आला. पाच वाजता कामावरून सुटल्यानंतरची संध्याकाळ सर्वांत कठीण असते. ती रिकामी राहू नये म्हणून एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर दर बुधवारी मिळून जेवण ठरवले. नाही म्हणायची इच्छा बहुतेक बुधवारी झाली.

तरीही डिसेंबर जड गेला, हे सांगितले पाहिजे. झोप वाढली, दोन-तीन दिवस रडू आले, पण काम थांबले नाही आणि प्रश्नावलीची बेरीज दहाच्या आतच राहिली. येथे एक बारकावा उपयोगी पडतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या मध्यावरच होऊन जातो, म्हणून संध्याकाळ नाताळाआधीच लांबू लागते; सर्वांत उशिराचा सूर्योदय मात्र वर्ष सरताना येतो. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस मोठा होत असूनही सकाळ काळोखीच असते, आणि ‘आता तर बरे वाटायला हवे’ या अपेक्षेने निराशा वाढते. पेटी आणि सकाळचे चालणे त्याच पंधरवड्यात सर्वांत नेटाने सांभाळावे लागते. भारताची सुट्टीही मी नाताळात न घेता जानेवारीच्या मध्यावर घेतली. तिकीट स्वस्त पडले, संक्रांत आईच्या घरी झाली, आणि परतले तेव्हा फेब्रुवारीत येथील दिवस नऊ तासांकडे सरकत होता.

३० मार्च २०२५ ला घड्याळे पुढे गेल्यावर डॉक्टरांशी बोलून गोळीची मात्रा निम्मी केली आणि मे महिन्यात ती थांबवली. कमी करताना काही दिवस चक्कर आणि विचित्र स्वप्ने आली. त्याची कल्पना आधी दिलेली असल्याने भीती वाटली नाही. औषध, पेटी, चालणे, बदललेली वेळ आणि माणसांची सोबत यांपैकी नेमके कशाने बरे वाटले, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही, आणि एक गोष्ट टाकून बाकीच्यांवर भागेल का, याचा प्रयोग करायचा माझा विचारही नाही. फेरतपासणीच्या नोंदीत डॉक्टरांनी लिहिले आहे की पुढच्या सप्टेंबरात पुन्हा भेटावे, बेरीज दहाच्या वर गेली तर वाट न पाहता फोन करावा, आणि टॉकिंग थेरपीजचा अर्ज ऑक्टोबरातच भरून ठेवावा.